जी मुलं परत आली नाहीत, त्यांचाही हिशेब मांडा

प्रति,
बाल-अस्थिशल्यचिकित्सक, त्यांच्या हाताखाली शिकणारे निवासी डॉक्टर आणि या विषयात संशोधन करणारी सर्व मंडळी,

स. न. वि. वि.

बडोद्यात दांडिया बाजाराच्या मागे एका बोळात आमचं वर्कशॉप आहे. लहान मुलांचे कॅलिपर, स्प्लिंट, क्लबफूटचे बूट असं सगळं इथे बनतं. वडिलांनी ते सुरू केलं तेव्हा दारात रांग असायची ती पोलिओच्या मुलांची. मी मुंबईला हाजी अलीच्या संस्थेत प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स, म्हणजे कृत्रिम अवयव आणि आधाराची साधनं बनवणं, शिकले आणि परत येऊन वडिलांच्याच बाकावर बसले. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात. काहींचं अक्षर मला केमिस्टपेक्षा बरं लागतं. तुम्ही प्लास्टर घालता, शस्त्रक्रिया करता आणि मग मूल माझ्याकडे पाठवता, त्यामुळे तुमच्या कामाचा शेवटचा तुकडा रोज माझ्या टेबलावर असतो.

तुमचे शोधनिबंधही मी वाचते. (कोणी विचारत नाही, पण वाचते.) त्यांत एक वाक्य हटकून असतं, तेही घाईघाईत उरकलेलं: इतकी मुलं फॉलोअपला आली नाहीत, म्हणून त्यांना अभ्यासातून वगळलं. पुढे उरलेल्या मुलांवर टक्केवारी, आलेख आणि निष्कर्ष. हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. कारण वगळलेल्या मुलांतली बरीचशी मला माहीत आहेत. तुमच्याकडे यायची थांबली, तरी बुटाची वादी तुटली की ती माझ्याकडे येतात.

क्लबफूटचंच घेते, त्यातच माझं आयुष्य जातंय. हजार जन्मांमागे साधारण एका बाळाचं पाऊल आत आणि खाली वळलेलं असतं. निम्म्या बाळांची दोन्ही पावलं तशी असतात, आणि मुलींच्या दुप्पट मुलगे. आपल्या देशात वर्षाला दोन कोटींच्या वर जन्म होतात, तेव्हा वीस हजारांहून अधिक बाळं दर वर्षी या यादीत भर घालतात. उपाय तुम्हाला पाठ आहे. पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला पाऊल हाताने हळूहळू वळवायचं, मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं. अशी पाच-सहा-सात प्लास्टरं झाली की बहुतेक मुलांच्या टाचेमागचा कंडरा छोट्याशा छेदातून मोकळा करायचा. पालक त्याला ‘नस कापली’ म्हणतात आणि घाबरतात. मग तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. ते उतरलं की पाऊल इतकं सरळ दिसतं की आजी पेढे वाटते. तुमचा फोटो निघतो तो याच दिवशी.

आणि माझं काम सुरू होतं तेही त्याच दिवशी. कारण त्यानंतर तीन महिने दिवसाचे 23 तास आणि पुढे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रोज रात्री आणि दुपारच्या झोपेत, त्या बाळाने दोन बूट आणि त्यांना जोडणारी दांडी घालायची असते. वाकडं पाऊल असेल तिकडचा बूट साठ-सत्तर अंश बाहेर वळवलेला, चांगल्या पायाचा तीस-चाळीस अंश, आणि दांडीची लांबी बाळाच्या खांद्यांइतकी. हे सोडलं की पाऊल परत फिरतं. बूट न घालणं हे पाऊल फिरण्याचं सर्वांत मोठं कारण आहे, हे तुमच्याच क्षेत्रातल्या अभ्यासांनी पुन्हा पुन्हा दाखवलंय. म्हणजे प्लास्टरचे दोन महिने तुमच्या हातात आणि पुढची चार वर्षं त्या घराच्या हातात. संशोधन मात्र बहुतेक त्या दोन महिन्यांवर होतं.

त्या घरात काय होतं ते सांगते. आमच्याकडे गुजरातेत बाळाला घोडियात झोपवतात. लोखंडी नाहीतर लाकडी चौकट, तिला टांगलेली कापडाची झोळी. ती दोरीने हलवली की आई स्वयंपाक करताकरताही बाळ झोपवू शकते. आता ताठ दांडी पायांत घातलेलं बाळ त्या झोळीत मावेल कसं? कापड दोन्ही बाजूंनी वर येतं, दांडी आडवी अडकते, गुडघे दुमडतात, बाळ किंचाळतं. मग घरातली जाणती बाई बूट काढते, बाळ झोपतं, आणि सगळं घर सुटकेचा श्वास सोडतं. दुसऱ्या दिवशी तेच. आई माझ्यासमोर खाली मान घालून म्हणते, ‘बेन, आखी रात रडे छे.’ ही बाई निष्काळजी नाही. तिच्या घरात झोपायची जी एकमेव सोय आहे, तिच्यात आपला बूट बसत नाही. झोळीत मावेल अशी दांडी कशी असावी, किंवा झोळीच रुंद फळी घालून कशी बदलावी, यावर एखादा नीट अभ्यास मी शोधतेय. मी माझ्यापरीने झोळीच्या तळाला प्लायवूडची फळी घालायला शिकवते. किती घरं ती टिकवतात, कोणी मोजलेलं नाही.

दुसरं म्हणजे ऊन. बडोद्याचा मे महिना बेचाळीस अंशांचा. तान्ह्या बाळाचा पाय 23 तास बंद बुटात. आतलं अस्तर घामाने चिकटतं, टाचेवर फोड येतो, आणि एकदा फोड आला की आठवडाभर बूट बंद. त्या आठवड्यात टाच वर सरकते, मग बूट घालताना आणखी दुखतं, म्हणून आणखी बंद. पावसाळ्यात चामड्याला बुरशी. रेक्झिन टिकतं पण घाम शोषत नाही. मऊ चामडं शोषतं पण लवकर सडतं. मिकायल स्टीनबीक यांनी युगांडात तिथल्याच साहित्याने, साध्या हत्यारांनी बनवता येईल असा बूट तयार केला, तो आज गरीब देशांत सगळीकडे चालतो. त्यांना हवामान आणि मोची दोन्ही ठाऊक होते म्हणून ते जमलं. आपल्याकडे कुठलं अस्तर कुठल्या महिन्यात टिकतं, हा प्रश्न पीएच.डी.च्या तोलाचा आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. हसू नका.

तुम्ही फॉलोअपला विचारता, ‘बूट घालता ना नियमित?’ आणि आई ‘हो’ म्हणते. डॉक्टरांपुढे कोण नाही म्हणेल? बुटात तापमान मोजणारे छोटे सेन्सर बसवून काही संशोधकांनी हे तपासलं, तेव्हा पालकांनी सांगितलेले तास आणि प्रत्यक्षातले तास यांत फरक निघाला. माझ्याकडे सेन्सर नाही, पण बूट उलटा करून पाहिला की मला कळतं. रोज घातलेल्या बुटाच्या आतल्या तळव्यावर टाचेचा काळपट गोल ठसा पडतो. टाच नीट खाली बसत नसेल तर ठसा पुढे सरकलेला असतो. वादीचं एकच भोक लांबट झालेलं दिसतं. दांडीच्या खालच्या बाजूला फरशीवर घासल्याचे ओरखडे असतात, कारण बाळ पाय आपटत असतं. वर्षभराच्या बुटाची दांडी चकचकीत आणि बुटाला दुकानाचा वास असेल, तर बाकी काही विचारायची गरज नाही. तुमच्या एकाही निवासी डॉक्टरला मी बूट हातात घेऊन आत बघताना पाहिलेलं नाही. पाऊल बघतात, ते किती वाकडं आहे याचे पिरानी गुण देतात, पुढची तारीख लिहितात. गुण द्यायलाच हवेत, पण बूट उलटा करायला किती वेळ लागतो?

आता न येणाऱ्यांकडे वळते. माझ्याकडे येणारी बरीच मुलं छोटा उदेपूर, कवांट, नसवाडी, दाहोद आणि सीमेपलीकडच्या अलीराजपूरची. छोटा उदेपूर तर 2013 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होता. शंभरेक किलोमीटर एसटीने यायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली, भाडं गेलं, आणि दुसरं लेकरू कोणाकडे तरी ठेवावं लागलं. त्याहून मोठी गोष्ट अशी की ही कुटुंबं वर्षभर एका जागी नसतात. दिवाळी झाली की सौराष्ट्रात शेतीच्या कामाला नाहीतर सुरत-अहमदाबादला बांधकामावर निघतात. नवीन गावात नवीन सिमकार्ड. तुमच्या कागदावरचा नंबर बंद. तुम्ही ‘तीन महिन्यांनी या’ असं लिहून दिलेलं असतं, आणि तीन महिन्यांनी ते कुटुंब जामनगरच्या बाजूला कुठल्यातरी शेताच्या बांधावर ताडपत्रीखाली असतं. मात्र होळीला ही सगळी घरं परततात, कितीही लांब असली तरी. होळीनंतर कवांटला मोठा मेळा भरतो. त्या आठवड्यात माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. बोटं बुटाच्या पुढे आलेली मुलं, फुटलेले सोल, दोरीने बांधलेल्या दांड्या, आणि मधूनच एखादं मूल अनवाणी, पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत आलेलं.

हे शेवटचं मूल तुमच्या निबंधात कुठे आहे? कुठेच नाही. ते ‘आलं नाही’ म्हणून वगळलं गेलं, आणि राहिलेल्यांत यश नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलं. मी आकडेशास्त्र शिकलेले नाही, पण तुमच्याकडेच एक साधा दंडक आहे: पाच टक्क्यांपर्यंत गळती असेल तर फारसं बिघडत नाही, वीस टक्क्यांच्या वर गेली तर निष्कर्षावर विश्वास ठेवणं अवघड. आपल्याकडच्या चार वर्षांच्या बूटकाळात वीस टक्क्यांच्या आत गळती ठेवणारं केंद्र असेल, तर मला त्याच्या दारात जाऊन नमस्कार करायचा आहे.

न्यायाने हेही सांगायला हवं की न आलेलं प्रत्येक मूल बिघडलेलं नसतं. काहींचे पाय इतके छान असतात की आईबापांना यायची गरजच वाटत नाही. काही दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात जातात. म्हणजे गळतीत दोन्ही टोकं दडलेली असतात, आणि म्हणूनच अंदाजाने काही ठरवता येत नाही. पूर्व आफ्रिकेत एड्सवरच्या उपचार केंद्रांना हाच प्रश्न पडला होता. सगळ्या हरवलेल्या रुग्णांना शोधणं परवडणारं नव्हतं. मग त्यांनी हरवलेल्यांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे थोडे निवडले, आणि त्या थोड्यांचा मात्र घरापर्यंत जाऊन कसून माग काढला. बरेच वारलेले निघाले, बरेच दुसऱ्या केंद्रात व्यवस्थित उपचार घेत असलेले निघाले, आणि आधीचा हिशेब दोन्हीकडून चुकत होता हे कळलं. हे आपल्याला का जमू नये? गळालेल्या शंभरांतली वीस मुलं. एक मोटारसायकल, एक राठवी (तिकडच्या आदिवासींची बोली) बोलणारा माणूस, होळीचा आठवडा.

तुमच्या शास्त्राचा स्वतःचाच इतिहास माझ्या बाजूने आहे. इग्नासिओ पोन्सेटी हे मिनोर्का बेटावरच्या घड्याळजीचे चिरंजीव. लहानपणी वडिलांना घड्याळं दुरुस्त करायला मदत करायचे. (कारागिराच्या घरातला माणूस, म्हणून मला ते जवळचे वाटतात, हा माझा पक्षपात.) स्पेनच्या यादवी युद्धात जखमींवर उपचार केले, देश सोडावा लागला, मेक्सिकोमार्गे 1941 मध्ये आयोवाला पोचले. 1963 मध्ये त्यांनी आपले निकाल छापले आणि पुढची तीसेक वर्षं बहुतेक जगाने तिकडे कानाडोळा केला. मोठी शस्त्रक्रिया करून पाऊल सगळीकडून मोकळं करणं हे तेव्हा पुढारलेलं मानलं जायचं, आणि दोन वर्षांनी पाहिलं तर ती पावलंही छानच दिसायची. 1995 मध्ये कूपर आणि डायट्झ यांनी पोन्सेटींच्या जुन्या रुग्णांना शोधून काढलं. 45 माणसं, 71 पावलं, वय सरासरी चौतिशीचं. 78 टक्के पावलं चांगली किंवा उत्तम निघाली. जन्मतः कुठलाही दोष नसलेल्या लोकांत तोच आकडा 85 होता. पुढे 2006 मध्ये मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांचाही तीस वर्षांनंतरचा हिशेब आला, तर त्यांतली बरीच पावलं ताठर आणि दुखरी झालेली होती. दोन वर्षांच्या फोटोत यातलं काहीही दिसत नव्हतं. आणि पोन्सेटींचं नाव जगभर नेलं त्यात नव्वदीच्या अखेरीस इंटरनेटवर एकमेकांना शोधणाऱ्या आईबापांचा वाटा मोठा होता.

हे फक्त क्लबफूटपुरतं असतं तर मी एवढं लिहीत बसले नसते. सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा नसलेलं, मूल चवड्यांवर चालतं म्हणून फक्त टाचेमागचा कंडरा लांब केला, टाच टेकली, सगळे खूश. दोन वर्षांनी मोजमाप उत्तम. पुढे मूल उंच होतं, वजन वाढतं, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी गुडघे वाकवून, बसल्यासारखं चालू लागतं. दोन्ही पायांना ताठरपणा असलेल्या मुलांत नुसती टाच सैल केली की हा धोका असतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तेव्हा ते मूल तुमच्याकडे नसतं. शाळेतला कोणी शिक्षक त्याला माझ्याकडे पाठवतो, आणि मी नडगीला पुढून धरणारा स्प्लिंट बनवत विचार करते की हे ज्यांनी केलं त्यांना कधी कळेल का.

कोपराचं तर दर संक्रांतीला. उत्तरायणात आमच्या शहरात सगळी पोरं गच्चीवर असतात आणि दर वर्षी काही खाली पडतात. पाच-सात वर्षांचं मूल, कोपराच्या वरचं हाड मोडलेलं. काही हाडवैद्याकडे जातात आणि घट्ट पट्ट्यांनी हात काळानिळा करून घेतात. त्यांच्याबद्दल बोलण्यासारखं खूप आहे, पण ते हाडवैद्यांना लिहायच्या पत्रात. जी तुमच्याकडे येतात त्यांच्या हाडात बसवलेल्या तारा तीन-चार आठवड्यांत निघतात आणि मूल घरी जातं. हात आत वळला असेल तर तो सूज उतरून कोपर पूर्ण सरळ व्हायला लागलं की दिसतो, आणि तो वाकडेपणा वाढीबरोबर सुटत नाही. तोवर आईबापांचा तुमच्यावरचा विश्वास उडालेला असतो, ते दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात. तुमच्या वहीत ते मूल ‘बरं झालं’ म्हणूनच राहतं.

पर्थेस आजारात (खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो झिजतो) तुम्ही लोक शहाणे निघालात. तिथे 1981 पासून स्टलबर्ग यांची जी वर्गवारी वापरता, ती हाडाची वाढ पुरी झाल्यावरच्या एक्सरेवर करायची असते. म्हणजे निकाल सोळाव्या-सतराव्या वर्षी लागतो हे तुम्हाला मान्य आहे. मग पावलाचा आणि कोपराचा निकाल दोन वर्षांत का लावता?

‘ताई, आमच्याकडे माणसं कुठे आहेत एवढ्यांना शोधायला?’ हे उत्तर मला ठाऊक आहे, समोरासमोर मिळालंय. ओपीडीच्या दिवशी तुमची काय अवस्था असते तेही मी पाहते. पण याच देशाने, याच आरोग्यसेविका आणि अंगणवाडीच्या बायकांच्या जोरावर, पोलिओ घालवला. 1995 पासून पल्स पोलिओच्या फेऱ्या झाल्या. टीम घराच्या भिंतीवर खडूने खूण करायची. सगळ्या मुलांना डोस मिळाला तर ‘पी’, एखादंही मूल राहिलं तर ‘एक्स’. आणि मग ‘एक्स’च्या घरांकडे परत जायचं. शेतावर गेलंय, मामाकडे गेलंय, नाही म्हणतात, काहीही असो, परत जायचं. कुठे मुलाचा पाय अचानक लुळा पडला की नोंद व्हायची, शौचाचे नमुने जायचे, आणि साठ दिवसांनी ते मूल पुन्हा तपासलं जायचं. 2011 च्या जानेवारीत हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि मार्च 2014 मध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. आमच्या वर्कशॉपचा अर्धा धंदा त्यामुळे बुडाला. वडील इतके खूश झालेले मी क्वचित पाहिले. न आलेल्या मुलाला शोधून काढायची ती विद्या या देशाच्या अंगात मुरलेली आहे, फक्त तुमच्या विभागात ती पोचलेली नाही.

स्वीडनच्या दक्षिण भागात 1994 पासून सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची नोंदवही चालते. दवाखान्यात आलेल्यांची नाही, त्या भागातल्या प्रत्येक मुलाची. ठरलेल्या काळाने प्रत्येकाच्या खुब्याचा एक्सरे होतो आणि सरकायला लागलेला खुबा दिसला की वेळेत हस्तक्षेप होतो. पूर्वी शेकडा आठ-नऊ मुलांचे खुबे निखळायचे, वीस वर्षांच्या हिशेबात ते प्रमाण एकाच्याही खाली आलं. त्यांच्याकडे पैसा आहे, लोक कमी आहेत, मान्य. पण नोंदवही ठेवायला लागणारी शिस्त पैशाने येत नाही.

आपल्याकडे गाडी आधीच गावात जाते, ही गोष्ट मला कोणी लक्षात घेताना दिसत नाही. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम प्रत्येक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासायला जाते. क्लबफूट त्या यादीत आहे, जन्मजात निखळलेला खुबाही आहे. ही टीम सापडलेलं बाळ तुमच्याकडे पाठवते. इथवर साखळी ठीक. पण तुमच्याकडून बूट घालून घरी गेलेलं बाळ पुढची चार वर्षं त्याच अंगणवाडीत खिचडी खात असतं, आणि टीम पुन्हा येते तेव्हा तिच्या कागदावर त्याच्या नावापुढे ‘संदर्भित’ एवढंच असतं. त्या टीमने सहा महिन्यांनी एकदा त्या पावलाचे दोन फोटो काढले, बूट उलटा करून एक फोटो काढला आणि तुमच्या विभागाला पाठवला, तर मुलाला शंभर किलोमीटर न आणता तुम्हाला कळेल कोणाला आणायलाच हवं. यासाठी नवी योजना नको. एक पान आणि एक फोन नंबर लागेल, आणि तुमच्या बाजूने ते फोटो उघडून बघणारा एक माणूस. हा शेवटचा माणूस मिळणं सर्वांत अवघड, याची मला कल्पना आहे.

तेव्हा माझं मागणं एवढंच. पुढचा निबंध लिहाल तेव्हा न आलेल्या मुलांना एका वाक्यात उरकू नका. ती कुठल्या तालुक्यातली होती, किती मुली होत्या, प्लास्टर संपल्यावर कितव्या महिन्यात यायची थांबली, हे तक्त्यात लिहा. मुलगी आहे म्हणून बूट लवकर सुटतो असा माझा अनुभव आहे, पण अनुभवावर कोणी विश्वास ठेवू नये, मोजून दाखवा. गळालेल्यांपैकी काहींचा खरोखर माग काढा आणि तो खर्च अर्जात आधीच धरा. इम्प्लांटला पैसे मंजूर होतात, एसटीच्या तिकिटाला होत नाहीत, हे ठरवणाऱ्या समित्यांवर तुम्हीच बसलेले असता. बाल-अस्थिशल्यचिकित्सकांच्या अखिल भारतीय संघटनेच्या परिषदेत एखादं सत्र फक्त ‘नंतर काय झालं’ यावर ठेवा, आणि त्यात बूट बनवणारे, प्लास्टर घालणारे तंत्रज्ञ, अंगणवाडीच्या सेविका यांना बोलवा. व्यासपीठाच्या खाली बसवलं तरी चालेल. तारखा देताना तीन महिने, सहा महिने असं न लिहिता ‘होळीच्या आठवड्यात’, ‘दिवाळीच्या आधी’ असं लिहा. कॅलेंडर त्यांच्या घरी नसतं, सण असतात.

माझ्याकडे एक वही आहे. मूल, गाव, बुटाचं माप, बूट कधी नेला, परत कधी आलं, ठसा कुठे होता. मुलांच्या आया मला ते विश्वासाने सांगतात, म्हणून ती वही मी कोणाच्या हातात अशीच देणार नाही. तुमच्या संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आणा, पालकांच्या संमतीचा कागद गुजरातीत आणि ऐकवायला राठवीत करून आणा, मग आपण बसून नावं जुळवू. तुमच्या वगळलेल्यांच्या यादीतली निदान काही मुलं माझ्या वहीत सापडतील. काहींचे पाय उत्तम असतील, काहींचे तुम्हाला पुन्हा प्लास्टरला घ्यावे लागतील, आणि अडीच-तीन वर्षांच्या पुढची असतील तर कंडऱ्याची जागा बदलायची शस्त्रक्रियाही लागेल. ते तुमचं काम, त्यात मी बोलत नाही.

कवांटच्या मेळ्याच्या आठवड्यात वर्कशॉप सकाळी आठपासून उघडं असतं. एखादा निवासी डॉक्टर पाठवायचा असेल तर तो आठवडा सोयीचा. बसायला स्टूल आहे, चहा मिळेल, एक्सरे बघायचा डबाही वडिलांच्या वेळचा आहे आणि चालतो. येणाऱ्याला गुजराती समजत असेल तर बरं, नसेल तर मी सांगेन. दांडिया बाजारात कॅलिपरवाल्यांचं दुकान कुठे असं विचारलं तर कोणीही दाखवेल.

कळावे,

आपली,
क्लबफूटचे बूट बनवणारी
दांडिया बाजार, बडोदे